रोमन सोन्याची नाणी आणि त्यांवरचे सम्राट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाणी जमवणारे, इतिहासाचे विद्यार्थी आणि संग्रहालयात काचेआडचं एखादं रोमन नाणं पाहून थबकलेले लोक नेहमी जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उत्तरं देताना माझा एक आग्रह आहे. नाण्यावरचं चित्र हा सम्राटाचा दावा असतो आणि दावा म्हणूनच ते वाचलं पाहिजे. सम्राटाला ज्या गोष्टीची सर्वांत जास्त काळजी वाटत असे, तीच गोष्ट तो बहुधा सर्वांत ठळकपणे सोन्यावर उमटवत असे.

ऑरियस आणि सॉलिडस यांत फरक काय?

दोन्ही सोन्याचीच नाणी, पण काळ वेगळा. रोममध्ये आधी सोन्याची नाणी क्वचितच, युद्धासारख्या निकडीच्या वेळी पाडली जात. रोजचा व्यवहार चांदीच्या दिनॅरियसवर आणि तांब्या-पितळेच्या नाण्यांवर चाले. इ.स.पू. 46 मध्ये ज्युलियस सीझरने आपल्या विजयोत्सवांच्या सुमारास ऑरियस मोठ्या संख्येने पाडून घेतले आणि तिथून सोनं रोमच्या चलनात कायमचं आलं. ऑरियस पुढे साडेतीनशे वर्षं चालला. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला कॉन्स्टंटाइनने त्याच्या जागी थोडा हलका सॉलिडस आणला.

एक ऑरियस म्हणजे 25 दिनॅरियस, म्हणजेच 100 सेस्टर्शियस, हे पितळेचं नाणं. हिशोबाची पुस्तकं सेस्टर्शियसमध्ये लिहिली जात, म्हणून जुन्या ग्रंथांतले आकडे त्याच नाण्यात मिळतात.

वजन किती आणि सोनं किती शुद्ध?

रोमन पौंड सुमारे 325 ग्रॅमचा. एका पौंडातून किती नाणी काढायची, यावर वजन ठरे. सीझरच्या काळी 40, म्हणजे एक नाणं साधारण 8 ग्रॅमचं. इ.स. 64 च्या सुमारास नीरोने ते प्रमाण 45 वर नेलं आणि नाणं सव्वासात ग्रॅमच्या आसपास आलं. कॅरॅकल्लाने 50 केलं, डायोक्लेशनने 60 आणि कॉन्स्टंटाइनच्या सॉलिडसचं प्रमाण 72, म्हणजे साडेचार ग्रॅम. मधल्या काळात, तिसऱ्या शतकाच्या गोंधळात, सोन्याच्या नाण्यांचं वजन अगदी बेभरवशाचं झालं होतं.

कसाची गोष्ट वेगळी. चांदीच्या नाण्यांत सम्राटांनी तांबं इतकं मिसळलं की इ.स. 260 नंतरची ‘चांदीची’ नाणी म्हणजे वरून चांदीचा मुलामा दिलेलं तांबंच. सोन्याचा कस मात्र त्यांनी बराच सांभाळला. चांगल्या काळातला ऑरियस 98 टक्क्यांच्या पुढचा असतो. सोन्यात हीण घातलं तर ते सोनाराच्या, सावकाराच्या आणि सैन्यातल्या अधिकाऱ्याच्या लगेच लक्षात येतं, आणि या लोकांना दुखावणं सम्राटाला परवडणारं नव्हतं. सॉलिडसचा कस तर अकराव्या शतकापर्यंत, म्हणजे सुमारे सातशे वर्षं टिकला. जगातल्या फार थोड्या चलनांना हे जमलं आहे.

एका ऑरियसमध्ये काय येत असे?

पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळी साध्या पायदळ सैनिकाचा वर्षाचा पगार 225 दिनॅरियस होता, म्हणजे फक्त 9 ऑरियस. पुढे डोमिशनने तो 12 ऑरियसइतका केला. म्हणजे हातात एक ऑरियस असणं ही सैनिकाची किमान महिनाभराची कमाई होती. भाजी-पाव घ्यायला कोणी ऑरियस काढत नसे. जमिनीचे सौदे, कर, दूरचा व्यापार, अधिकाऱ्यांचे पगार आणि नव्या सम्राटाने सैन्याला वाटलेली बक्षिसी ही त्याची ठिकाणं.

बक्षिसीचा आकडा पाहिला की सत्तेचं गणित कळतं. इ.स. 41 मध्ये कॅलिग्युलाचा खून झाल्यावर रोममधल्या शाही पहारेकऱ्यांनी, म्हणजे प्रिटोरियन शिपायांनी, क्लॉडियसला गादीवर बसवलं. त्याने प्रत्येकाला 15,000 सेस्टर्शियस कबूल केले. म्हणजे माणशी 150 ऑरियस.

एवढं सोनं कुठून येत असे?

मुख्यतः स्पेनच्या वायव्य भागातून. तिथल्या लास मेदुलास या जागी रोमनांनी डोंगरात बोगदे खोदून त्यांत पाणी सोडलं आणि डोंगरच्या डोंगर पाडून त्याची माती धुतली. त्या तुटक्या तांबड्या सुळक्यांचा प्रदेश आज जागतिक वारसास्थळ आहे. ट्रेजनने इ.स. 106 मध्ये डेशिया, म्हणजे आजचा रुमेनिया, जिंकल्यावर तिथल्या खाणी आणि तिथल्या राजाचा खजिनाही हाती आला. रोममधला ट्रेजनचा भव्य चौक त्या लुटीतून उभा राहिला आणि मग तोच चौक त्याच्या ऑरियसवर झळकला. जिंकलेलं सोनं, त्यातून बांधलेली इमारत आणि त्या इमारतीचं चित्र असलेलं सोन्याचं नाणं, अशी ही साखळी.

नाणी पाडत कशी?

हाताने. ठसे कोरणारा कारागीर दोन ठसे उलट्या चित्रात कोरत असे. एक ऐरणीत बसवलेला, दुसरा हातात धरायचा. मधे सोन्याची वजन करून घेतलेली चकती ठेवायची आणि वरून हातोडा. घाव किंचित सरकला की चित्र एका बाजूला जाई, म्हणून एकाच ठशाची दोन नाणीही तंतोतंत सारखी नसतात. चेहरा सहसा ऐरणीतल्या ठशावर असे, कारण तो ठसा जास्त काळ टिकतो. वीस मिलिमीटरच्या चकतीवर भिंगाशिवाय न दिसणाऱ्या केसांच्या बटा कोरणाऱ्या या कारागिरांपैकी जवळजवळ कोणाचंही नाव आपल्याला माहीत नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

ऑगस्टसच्या काळापासून सोन्याची मुख्य टांकसाळ गॉलमध्ये लुग्डुनम, म्हणजे आजच्या लिऑनला होती. काही दशकांनी ती रोमला आली.

जिवंत माणसाचा चेहरा नाण्यावर केव्हापासून आला?

सम्राटांच्या आधीच्या प्रजासत्ताकात देवदेवता, पूर्वज, फार तर मेलेले पुढारी नाण्यावर येत. जिवंत माणसाचा चेहरा हे राजेशाहीचं लक्षण, आणि राजा या कल्पनेचीच रोमनांना चीड होती. इ.स.पू. 44 च्या सुरुवातीला रोमच्या टांकसाळीतून सीझरचा चेहरा असलेली चांदीची नाणी बाहेर पडली. काही आठवड्यांतच त्याचा खून झाला. त्या खुनामागे कारणं अनेक होती, पण हे नाणं त्यांच्याशी सुसंगतच होतं.

नवलाची गोष्ट पुढे आहे. खुन्यांचा म्होरक्या ब्रूटस याने सैन्याचे पगार भागवायला स्वतःची नाणी पाडली, तेव्हा एका बाजूला दोन खंजीर, मधे गुलामगिरीतून सुटलेल्याने घालायची टोपी आणि खाली खुनाची तारीख कोरली. दुसऱ्या बाजूला स्वतःचाच चेहरा. राजेशाही मारल्याची फुशारकी आणि राजाची सवय एकाच नाण्यावर! या छापाची सोन्यातली नाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. त्यांतलं एक 2020 मध्ये लंडनच्या लिलावात 40 लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं. पुढे त्याच्या मालकीचा पूर्वेतिहास खोटा असल्याचं उघड झालं आणि 2023 मध्ये ते ग्रीसला परत देण्यात आलं.

चेहरे खरे आहेत की सजवलेले?

सम्राटागणिक उत्तर बदलतं. ऑगस्टस जवळजवळ 76 वर्षं जगला, पण नाण्यावर तो शेवटपर्यंत तिशीतला देखणा तरुण. वय होणं, थकणं हे त्या प्रतिमेत बसतच नव्हतं. उलट व्हेस्पेशियन इ.स. 69 च्या यादवीनंतर गादीवर आला आणि त्याने टक्कल, सुरकुत्या, जाड मान सगळं तसंच ठेवलं. हा साधेपणाही विचारपूर्वक निवडलेला आहे. ऐषारामी नीरोनंतर लोकांना एक रापलेला, कामाचा सेनानी दाखवायचा होता.

नीरोची नाणी ओळीने मांडली तर कोवळ्या मुलाचा चेहरा वर्षागणिक जाड होत जाताना दिसतो. ऑथो टोप घालत असे असं रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहून गेला आहे आणि नाण्यावरचे त्याचे केस पाहिले की ते पटतं. हेड्रियनने पूर्ण दाढी राखली आणि पुढची कित्येक दशकं दाढी हाच सम्राटाचा चेहरा ठरला.

डोक्यावर काय आहे तेही बघा. पानांचा मुकुट असेल तर तो विजेत्याचा लॉरेल. टोकदार किरणांचा मुकुट सूर्याचा, आणि तिसऱ्या शतकात सोन्यावर तो बहुधा दुप्पट किमतीच्या नाण्याची खूण असतो. रत्नजडित पट्टा दिसला तर तुम्ही कॉन्स्टंटाइनच्या काळात किंवा त्यानंतर आहात.

मागच्या बाजूच्या चित्रांचा अर्थ कसा लावायचा?

माझ्या मते नाण्याची खरी मौज मागच्या बाजूलाच आहे. पुढची बाजू ‘मी कोण’ ते सांगते, मागची ‘मी तुमच्यासाठी काय केलं’ ते.

सर्वांत सोपा प्रकार विजयाचा. ऑगस्टसने इजिप्त घेतल्यावर नाण्यावर नुसती एक मगर आणि ‘इजिप्त जिंकला’ एवढे दोन शब्द. व्हेस्पेशियनच्या नाण्यांवर विजयचिन्हाखाली बसलेली, मान खाली घातलेली शोकाकुल स्त्री आहे. ती ज्यूडिया, म्हणजे ज्यूंचा देश, इ.स. 70 मध्ये जेरुसलेम पडल्यानंतरची. जिंकलेल्या देशाला रडणाऱ्या बाईच्या रूपात दाखवण्याची ही रीत आज पाहताना मन अस्वस्थ होतं आणि व्हायलाच हवं. साठ वर्षांनी हेड्रियनने नेमकी उलटी वाट धरली. त्याचं अर्धं राज्य प्रवासात गेलं. त्याने प्रांतोप्रांतीच्या देवता नाण्यांवर आणल्या आणि त्या रडत नाहीत, आपापल्या खुणा घेऊन ऐटीत असतात. हिस्पानियाच्या, म्हणजे स्पेनच्या, पायाशी तर ससा आहे, कारण तो प्रदेश सशांसाठी प्रसिद्ध होता.

दुसरा प्रकार गुणदेवतांचा. शांती, एकोपा, निष्ठा, आरोग्य, धान्याचा पुरवठा, या सगळ्या रोमनांच्या लेखी देवता होत्या. आणि इथे सावध राहायला हवं. इ.स. 69 मध्ये ऑथो गादीवर आला तो आधीच्या सम्राटाचा खून करवून, आणि उत्तरेकडून दुसरा दावेदार फौज घेऊन चालून येत होता. तरी ऑथोच्या नाण्यांवर घोषणा आहे ‘साऱ्या जगाची शांती’. तीन महिन्यांत लढाई हरून त्याने आत्महत्या केली. नाण्यावर ‘सैन्याची निष्ठा’ दिसली की सैन्य डगमगत होतं का ते तपासा. ‘एकोपा’ दिसला की घरात भांडण होतं का ते पाहा. प्रत्येक वेळी अंदाज खरा ठरत नाही, पण शोध नक्की फळतो.

क्लॉडियसने तर काहीच लपवलं नाही. ज्या शिपायांनी त्याला सम्राट केलं त्यांच्या छावणीची तटबंदीच त्याने सोन्याच्या नाण्यावर घेतली. दुसऱ्या एका छापावर तो त्यांच्या निशाणधाऱ्याशी हात मिळवतो आहे. आधी सांगितलेले 150 ऑरियस आणि हे चित्र शेजारी ठेवून पाहा.

नीरोच्या ‘रक्षणकर्ता ज्युपिटर’ या छापाचा संबंध अभ्यासक इ.स. 65 च्या फसलेल्या कटाशी जोडतात. कट उघडकीला आला, नीरो वाचला, आणि देवाने वाचवल्याची बातमी सोन्यावरून फिरली.

नाण्यावरची अक्षरं इतकी तुटक का?

जागा कमी आणि पदव्या भरपूर, म्हणून. सेनापती, ऑगस्टस, मुख्य धर्माधिकारी, राष्ट्रपिता, अमुक वेळा कॉन्सल (रोमचं सर्वोच्च वार्षिक पद), हे सगळं दोन-तीन अक्षरी संक्षेपांत कोंबलेलं असतं. यांतली एक पदवी अभ्यासकाला फार उपयोगी पडते: लोकप्रतिनिधीचा अधिकार, म्हणजे ट्रिब्यूनिशिया पोटेस्टास. तो सम्राटाला दरवर्षी नव्याने मिळे आणि त्यापुढे आकडा घातला जाई. आकडा वाचला की नाणं कोणत्या वर्षाचं ते समजतं. सगळे सम्राट हा आकडा देत नाहीत. ट्रेजनच्या नाण्यांची कालगणना बहुतांशी तो कितव्यांदा कॉन्सल आहे यावरून करावी लागते.

राण्या आणि राजमाता नाण्यावर येत का?

येत, आणि त्यांच्या जागेवरून दरबारातलं वजन कळतं. सर्वांत बोलकं उदाहरण ॲग्रिपिनाचं. इ.स. 54 मध्ये तिचा सोळा वर्षांचा मुलगा नीरो सम्राट झाला. पहिल्या ऑरियसवर आई आणि मुलगा समोरासमोर, एकाच उंचीचे, आणि चेहऱ्यांच्या बाजूला आईचं नाव! सम्राटाचं नाव मागे. पुढच्याच वर्षी दोघांचे चेहरे एकामागे एक आले, नीरो पुढे, आई त्याच्या आड, आणि तिचं नाव मागच्या बाजूला गेलं. त्यानंतर ती नाण्यांवरून नाहीशी झाली. इ.स. 59 मध्ये नीरोने तिला मारवलं. नाणी वर्षावर्षाने लावून ठेवली तर टॅसिटसचा इतिहास न वाचताही घरातला तणाव कळेल.

सेप्टिमियस सेव्हेरसचा एक सुंदर ऑरियस आहे. पुढे तो स्वतः, मागे राणी ज्युलिया डोम्ना समोर बघणारी, आणि तिच्या दोन बाजूंना दोन मुलगे, कॅरॅकल्ला आणि गेटा. लेख आहे ‘या युगाचं सौख्य’. दहा वर्षांनी, इ.स. 211 च्या अखेरीस, कॅरॅकल्लाने गेटाला आईच्या कुशीत मारवलं.

बदनाम ठरलेल्या सम्राटाची नाणी परत घेत का?

पुतळे फोडत, शिलालेखांतून नाव खरवडत. गेटाच्या बाबतीत आशिया मायनरमधल्या स्ट्रॅटोनिसिया शहराच्या काशाच्या नाण्यांवरूनही त्याचा चेहरा छिन्नीने उडवलेला सापडतो. सोन्याच्या बाबतीत मात्र हा राग सहसा दिसत नाही. नीरोचा ऑरियस नीरोनंतरही ऑरियसच राहिला, कारण लोक सोनं तोलत होते.

मेलेला सम्राट देव झाला, हे नाण्यावरून कसं ओळखायचं?

नावाआधी ‘दिवुस’ किंवा ‘दिवा’ हा शब्द आणि मागे उडणारा गरुड, राणीसाठी मोर, किंवा मजल्यामजल्यांची रचलेली चिता. अँटोनायनस पायसची पत्नी फॉस्टिना गेल्यानंतर तिच्या स्मरणार्थ वर्षानुवर्षं इतक्या प्रकारची नाणी निघाली की जिवंतपणीच्या नाण्यांपेक्षा मरणोत्तर नाणी कितीतरी जास्त आहेत.

सम्राट ख्रिस्ती झाल्यावर चित्रं लगेच बदलली का?

मुळीच नाही. ख्रिस्ती लोकांना पूजास्वातंत्र्य देणाऱ्या समझोत्याचं वर्ष इ.स. 313. त्याच वर्षी इटलीतल्या टिसिनमच्या टांकसाळीत पाडलेल्या सोन्याच्या मोठ्या पदकावर कॉन्स्टंटाइन सूर्यदेवाच्या खांद्याला खांदा लावून आहे. हे पदक आज पॅरिसमध्ये आहे. सूर्य त्याच्या नाण्यांवरून पुढे दहा-बारा वर्षांत हळूहळू मावळला. त्यानंतर आकाशाकडे डोळे लावलेला कॉन्स्टंटाइन येतो. चरित्रकार युसेबियसने त्यात प्रार्थना पाहिली. अलेक्झांडरची चित्रं माहीत असलेल्याला त्यात अलेक्झांडर दिसला असेल. मला वाटतं, दोघांनाही आपापलं दिसावं हाच हेतू होता.

ख्रिस्ताचा चेहरा नाण्याच्या दर्शनी बाजूवर यायला मात्र सातव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. दुसऱ्या जस्टिनियनने तो आणला. त्याच दशकात दमास्कसच्या खलिफा अब्द अल-मलिकने चित्रं पूर्ण काढून टाकून फक्त अक्षरांचा दिनार सुरू केला.

ही नाणी भारतात कशी आली?

मिरी, मलमल, मोती, हस्तिदंत, सुगंधी द्रव्यं यांच्या बदल्यात. रोमला आपल्याकडचा माल हवा होता आणि त्याबदल्यात द्यायला त्यांच्याकडे सोन्या-चांदीइतकं खपणारं दुसरं फारसं काही नव्हतं. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी तक्रार करतो की भारत दरवर्षी साम्राज्यातून 5 कोटी सेस्टर्शियस ओढून घेतो. सोन्यात मांडले तर ते 5 लाख ऑरियस होतात. आकडा त्याने नैतिक संतापाच्या भरात दिला आहे, म्हणून तो शब्दशः घेऊ नये, पण ओघ मोठा होता हे जमिनीतून निघालेल्या साठ्यांवरून स्पष्ट आहे.

साठे मुख्यतः दक्षिणेत मिळाले. केरळात कण्णूरजवळ कोट्टयम इथे 1847 मध्ये शेकडो ऑरियस मिळाले. तमिळनाडूत पुदुकोट्टईला 1898 मध्ये 501. केरळातच वल्लुवळ्ळीला 1983 मध्ये 252. आधीच्या साठ्यांत ऑगस्टस आणि तायबेरियसची चांदी भरपूर असते, नीरोने नाणी हलकी केल्यानंतरच्या काळात सोनं वरचढ होतं. आपले व्यापारी नाण्याचा कस पाहून माल देत होते, याचा हा पुरावा मानायला हरकत नाही.

महाराष्ट्राचा या व्यापाराशी संबंध काय?

जवळचा. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासमार्गदर्शकात कल्याण, चौल, पैठण आणि तेर यांची नावं आहेत. पैठण आणि तेरचा माल गाड्यांवरून घाटवाटांनी भडोचला जाई. तिथे रोमन सोन्या-चांदीच्या नाण्यांवर स्थानिक चलनाच्या तुलनेत नफा सुटतो, असं लेखक सांगतो. कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, हीही त्याचीच नोंद.

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यातला शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख या संदर्भात आवर्जून वाचावा. त्यात 70,000 कार्षापणांचं दान 2,000 सुवर्णांत मांडलं आहे, म्हणजे 35 चांदीच्या नाण्यांना एक सोन्याचं. सातवाहन आणि क्षहरात (नहपानाचं घराणं) यांची स्वतःची सोन्याची नाणी मिळालेली नाहीत. मग हे ‘सुवर्ण’ कोणाचं? काही अभ्यासक ते उत्तरेकडच्या कुषाण राजांचं मानतात, काही रोमन. प्रश्न अजून मिटलेला नाही.

नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचा चेहरा आणि ग्रीक वळणाची अक्षरं आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथे 1906 मध्ये अशी सुमारे 13 हजार नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला आहे. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकणाऱ्याची मोहोर! मग सातवाहनांनी स्वतःही चेहऱ्याची चांदीची नाणी काढली. नाण्यावर राजाचा चेहरा ही कल्पना दख्खनला भूमध्य समुद्राच्या बाजूने, ग्रीक आणि शक राजांच्या हातून आली.

भारतात मिळालेल्या काही नाण्यांवर चीर आणि भोकं का असतात?

पुदुकोट्टईच्या बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरून छिन्नीची आडवी चीर आहे. कोणी म्हणतं आत तांबं आहे का ते तपासायला, कोणी म्हणतं परक्या राजाचं चलन म्हणून ते रद्द करायला. तपासायला एवढी खोल चीर आणि तीही नेमकी चेहऱ्यावर लागत नाही, म्हणून दुसरं उत्तर मला जास्त पटतं.

भोकांची गोष्ट साधी आहे. सम्राटाच्या डोक्याच्या वर दोन भोकं पाडली की नाणं दोऱ्यात ओवता येतं आणि चेहरा सरळ राहतो. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेसारखाच हा दागिना. मागणी इतकी होती की इथल्या कारागिरांनी ऑरियसच्या सोन्यातल्या नकला घडवल्या. त्यांवर चेहरा रोमन, पण लॅटिन अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा. तेर आणि कोंडापूरसारख्या ठिकाणी तर रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती मिळाल्या आहेत. ज्यांना सोनं परवडत नव्हतं, त्यांनी भाजलेल्या मातीचा तायबेरियस गळ्यात घातला. रोमला सम्राटाने केलेला दावा तेरला पोचेपर्यंत निव्वळ शोभेचा झाला होता, आणि मला या मातीच्या चकत्या खऱ्या ऑरियसइतक्याच मोलाच्या वाटतात.

नाणं खरं की बनावट हे घरी ओळखता येईल का?

खात्रीने नाही. वजन मोजा, कडेवर ओतकामाची शिवण दिसते का पाहा, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे आहेत का ते भिंगाने पाहा. ओतलेल्या नकला यात पकडल्या जातात. पण ठसे कोरून पाडलेल्या नकला कठीण. कार्ल विल्हेल्म बेकर या जर्मन कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केलेली नाणी भल्याभल्यांना फसवून गेली.

तज्ज्ञही भांडतात. स्पॉन्सियन नावाच्या, इतिहासात कुठेही न आढळणाऱ्या सम्राटाची सोन्याची नाणी 1713 मध्ये ट्रान्सिल्व्हेनियात मिळाली होती. दीर्घकाळ ती बनावट मानली गेली. 2022 मध्ये त्यांतल्या ग्लासगोच्या संग्रहालयातल्या नाण्याची वैज्ञानिक तपासणी करणाऱ्यांनी ते खरं असल्याचं मांडलं. अनेक नाणकशास्त्रज्ञांनी ते मान्य केलेलं नाही.

शेतात किंवा पाया खणताना जुनी नाणी सापडली तर?

धुऊ नका, घासू नका, वाटून घेऊ नका. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत मिळालेल्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार अशा वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाहीत. ज्या भांड्यात नाणी मिळाली ते भांडं आणि ती नेमकी जागा यांचंही मोल असतं. 1993 मध्ये जर्मनीतल्या ट्रियर शहरात बांधकामाच्या वेळी अडीच हजारांहून जास्त ऑरियस, साडेअठरा किलो सोनं, बाहेर आलं. आज ते तिथल्या संग्रहालयात आहे आणि एकत्र राहिलं म्हणूनच त्याचा अभ्यास होऊ शकला. सराफाकडे वितळवलेल्या नाण्याचं फक्त वजन उरतं.

ही नाणी कुठे पाहायला मिळतील?

भारतात चेन्नईच्या एग्मोरमधल्या सरकारी संग्रहालयात दक्षिणेतल्या साठ्यांमधली रोमन नाणी आहेत. पुदुकोट्टईच्या साठ्यातली नाणी ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. नाणकशास्त्र शिकायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला असलेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आपल्या हाताशी आहे. घरबसल्या पाहायचं तर ‘ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर’ हे संकेतस्थळ मोफत आहे. सम्राट, धातू आणि टांकसाळ निवडली की छापांची छायाचित्रं समोर येतात. सुरुवात इ.स. 54 आणि 55 च्या नीरोपासून करा. आई आणि मुलाचे ते दोन ऑरियस शेजारी उघडून ठेवा आणि कोण पुढे आहे, नाव कोणाचं कुठे आहे, ते स्वतः शोधा.